पैलवानाला गूळपाणी

विश्रामबागेतल्या संशोधन केंद्रात दीपमालाचा सगळा डोलारा एका उंदरावर उभा होता. नाव पैलवान, वजन म्हणाल तर एका पेढ्याएवढं. कवटीला काचेची बारीक खिडकी आणि त्यावर सूक्ष्मदर्शक. पैलवान चेंडूवर पळायचा, समोर चित्रातली वाट सरकायची आणि मेंदूतल्या हजारो पेशी ज्या त्या वळणावर हिरव्या उजळून संगणकावर दिसायच्या. वाट संपली की नळीतून पाण्याचा एक थेंब. त्या थेंबासाठीच तर पळायचं, म्हणून त्याला पाणी बेताचंच. आज पुण्याहून समिती येणार होती. पैलवान पळाला तर प्रकल्प चालू. नाही तर खोलीला टाळं आणि दीपमालाची रवानगी घरी कडेगावला, बघायला आलेल्या स्थळांपुढं चहा-पोह्यांचे ट्रे फिरवायला.

नेमकी आजच तिची आई रंगुबाई शेंगदाण्याची चटणी घेऊन येऊन थडकली. दीपमाला समितीला आणायला फाटकाशी गेली, तेवढ्यात बाईंनी कार्यक्रम उरकला.

"लय सुकलं हुतं गं त्वांड त्याचं," लेक परतल्यावर ती कानात म्हणाली. "वाटीत गूळपाणी दिलं. पळून दमल्याला देत न्हाईत व्हय? गटागटा प्यालं बघ."

 आईच्या नावानं बोंब मारावी असं दीपमालाला मनापासून वाटलं, पण समिती खुर्च्यांवर बसली होती.

पैलवानाला चेंडूवर चढवलं. पैलवान ढिम्म. पोट तट्ट फुगलेलं, जेवून उठलेल्या जावयासारखा नुसता बसून राहिला. तोंडासमोर थेंब लोंबत होता, त्याकडे बघेसुद्धा ना.

"हा पळत नाही," समितीच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

थाप मारायला दीपमालाची जीभ वळेना. "त्याला तहानच नाही, मॅडम. माझ्या आईनं त्याला गूळपाणी पाजलंय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष संगणकावर होतं. उंदीर बसलेला, पण पेशी उजळत होत्या: पहिल्या वळणाच्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, अगदी ओळीनं, झपाझप. असं होतं हे दीपमालानं वाचलं होतं, पण आपल्या उंदरात ते कधी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? त्याला निवांत बसू दिलं होतं कुणी?

"पाय थांबलेत. मनात मात्र तो सगळी वाट चालतोय," ती हळूच म्हणाली.

"मग पुढं हेच बघा," मॅडम म्हणाल्या. "प्रकल्प चालू राहील."

समिती गेल्यावर रंगुबाईनं विचारलं, "एवढं कवतिक कशाचं गं?"

"आये, तो बसल्या जागी वाट चालून येतो."

"त्यात कसलं नवाल? मी बी रोज भाकरी थापताना हितं येऊन जाती. फाटकापातुर येती, तू कामात दिसतीस, मग माघारी फिरती."

 दिवाळीपासून दीपमाला घरी फिरकली नव्हती, आणि कडेगाव काही सातासमुद्रापलीकडे नाही, थेट एसटी आहे.