गच्चीवरची कर्रकर्र

माझ्या सासऱ्यांना, गुंडूमामांना, मी वाजणारी चप्पल आणून दिली ती काय प्रेमानं न्हाय. संशयानं.

मामांना साखर. गेल्या साली डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोड बंद आणि अनवाणी चालणं बंद. पुढच्या खेपेला करंगळीवर भागणार नाही." तरी दर तपासणीला साखर वरच. घरात तर गोडाचा कण न्हाय. साखरेच्या डब्यात मी मीठ भरून ठेवलं, तर चहाचा फवारा मारला माझ्या नवऱ्यानं. म्हणजे चोरी घराबाहेर चाललेली.

मग सुभाषनगरात चपलेच्या कारागिराकडं जाऊन चप्पल करून घेतली. तळाच्या दोन थरांत विंचू बसवायला लावला. चावणारा न्हवं हो, बारकं बी असतंय. पाय टेकला की कर्र! बाकीच्या सगळ्या चपला माळ्यावर टाकल्या. आता जावा म्हटलं कुठं जाताय ते.

मामा एकदम खूश. "पदमे, पोटच्या पोरानं कधी आणली न्हाई असली चप्पल!" म्हणत गल्लीतनं मिरवून आले.

रोज उन्हं उतरली की ते गच्चीवर फिरायला जायचे. खाली माझं फॉल-पिकोचं मशीन. वर कर्र कर्र सुरू झालं की मी निवांत. आणि पुढच्या तपासणीला साखर आणखी वर!

"फिरतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"फिरतात की. रोज ऐकते मी."

घरी आल्यावर मात्र मशीन बंद करून नीट कान लावला. करंगळी गेल्यापासनं मामांची चाल कशी, तर कर्र... मग जरा दम... मग कर्र. वर तर भाकरी थापल्यागत चाललंवतं, कर्रकर्रकर्रकर्र.

मी जिन्यातनं हाळी दिली, "मामा, चहा टाकू?"

आवाज थांबला. जरा वेळानं परत कर्रकर्र, पण चोरपावलानं.

आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, कुठं होत्या? रोज या वेळंला भजनाला. आता रोज कुठलं आलंय भजन?

दबकत वर गेले. बघते तर काय, चिमणाबाई आत्ती, लुगडं खोचलेलं, हातात जपमाळ, पायात मामांची होडीएवढी चप्पल, आणि या टोकापासनं त्या टोकापर्यंत फेऱ्या!

"आत्ती!"

"आगं बया! खोकून तरी येत जा की."

"मामा कुठायत?"

"मला काय म्हाईत."

"चप्पल तुमच्या पायात, मग त्यांच्या पायात काय?"

आत्ती माळेचे मणी ओढायला लागल्या. "काय न्हाई पायात. बाकीच्या तूच टाकल्यास की माळ्यावर."

मी कठड्यावरनं वाकून बघितलं. खाली बोळात नुसत्या फुटक्या बाटल्या. शोधायला निघणार, तेवढ्यात बोळातनं वर येणारा मागचा लोखंडी जिना हलला. तेवढ्यातबी माझ्यातला किडा वळवळलाच. आत्तींच्या पायातली चप्पल ओढून घातली, त्यांना पाण्याच्या टाकीमागं ढकललं आणि जिन्याकडं पाठ करून चालायला लागले.

"चिमे, बास कर आता," जिन्यातनं आवाज आला. चिमे! पंचवीस वर्षांत मी हे नाव ऐकलं न्हवतं. "गरम हाय, हिकडं ये. ती पदमी खाली मशीन हाणतीया, तवर खाऊन घे."

मागनं हात आला. कागदात दोन जिलेब्या, पाक ठिबकणाऱ्या. मी एक उचलून तोंडात टाकली आणि वळले.

"छान हाय की मामा. रोज हितनंच आणता व्हय?"

मामांनी कागद झटकन पाठीमागं लपवला. टाकीमागनं आत्ती, "माझी खाल्लीस की गं भवाने!"

मी हसणार होते. पण मामांच्या मागं फरशीवर बघितलं. जिन्यापासनं लाल ठिपके.

"बसा. पाय दाखवा."

"कशाला? काय झालंय?"

टाचेत काचेचा तुकडा होता, चांगला नखाएवढा. त्यांना पत्ताच न्हाय.

"दुखत न्हाय?"

"न्हाई की," मामा म्हणाले आणि स्वतःच त्या काचेकडं बघत राहिले. आत्तींनी जिलेबीचा कागद गुंडाळून टाकीमागं फेकला.

लगोलग रिक्षा करून दवाखाना गाठला. "आज आणलंत म्हणून पाय वाचला," डॉक्टर म्हणाले, आणि ओरडले मात्र मलाच.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरच्या सगळ्या चपला खाली काढल्या आणि वाजणाऱ्या चपलेतला विंचू सुभाषनगरात जाऊन काढून आणला. "जायचं तर सांगून जावा, पायात घालून जावा," मामांना म्हटलं. मामांनी मान हलवली. इतक्या गुमान, की मला तिथंच डाउट आला.

म्हणून येताना आत्तींनाबी नवी चप्पल आणली. मऊ, मापाची, गोंड्याची. आत्ती हरखल्या. "पदमे, गुणाची हायस गं," म्हणत पायात घातली आणि दारापर्यंत गेल्या.

कर्र.