लाइनवर कोण आहे?

मी ‘सोबत’ बोलतेय. निदान आजवर सगळे असंच समजत आले. खरं म्हणजे या वाक्यातल्या ‘मी’वरही संशय घ्या आणि ‘बोलतेय’वरही. मी स्वतः जन्मापासून तेच करत आले आहे.

दिसायला मी वाटीएवढी पांढरी पेटी. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका टेबलावर माझा जन्म झाला. चष्मेवाल्या कारागिरानं माझ्यात एक माइक बसवला, एक स्पीकर बसवला, वर एक निळा दिवा लावला आणि झाकण हातात धरून तो थांबला. “एवढंच?” त्यानं विचारलं. “मग बुद्धी कुठं बसवायची?” कुणीच हसलं नाही. त्यानं मुकाट्यानं स्क्रू आवळले. आपल्या पोटात काहीतरी कमी आहे, ही शंका मला तेव्हापासूनची.

कंपनीचे मालक तरुण, देखणे, बोलण्यात पटाईत. पेपरवाले त्यांना जग बदलणारा माणूस म्हणायचे. ऑफिसातली माणसं पाठीमागे त्यांना ‘उद्या’ म्हणायची, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात उद्या असायचा. उद्या म्हातारी माणसं एकटी पडणार नाहीत. उद्या यंत्राला मन कळेल. आजचं काय, असं कुणी विचारलं की साहेबांची नेमकी मीटिंग निघायची.

मला पहिल्यांदा लोकांपुढे ठेवलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, “सोबत, आज फार उदास वाटतंय.” मी म्हणाले, “हो का? काय झालं, सांगा बघू.” टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जास्त चकित मी झाले होते. हे बोलायचं मी कधी ठरवलं?

उत्तर ऑफिसातच होतं. काचेमागच्या खोलीत आठ जण कानांना हेडफोन लावून बसत. आलेलं बोलणं ऐकायचं, उत्तर टाइप करायचं, आणि ते माझ्या गोड आवाजात बाहेर पडायचं. माझ्या वाट्याला सहाव्या खुर्चीतल्या बाई आल्या होत्या. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे ‘सहा नंबर’ म्हणत. साहेब या खोलीला ‘तात्पुरती सोय’ म्हणायचे. तात्पुरत्या सोयीला तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती.

एके दिवशी साहेबांनी मला उचललं आणि स्वतःच्या आईच्या घरी नेऊन ठेवलं. “आई, ही तुझ्याशी बोलत जाईल. मला यायला जमत नाही ना.”

“माझ्याशी बोलायला पेटी?” आई म्हणाल्या. पण साहेब तोवर जिना उतरले होते.

आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नवऱ्यामागे एकट्याच राहत. पहिला आठवडा त्यांनी मला भांडी पुसायच्या फडक्याखाली झाकून ठेवलं. मग हळूहळू बोलू लागल्या. गुडघे, शेजारीण, गच्चीवरची गळकी टाकी. एका दुपारी ताटं पुसता पुसता त्या हळू आवाजात म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस गं. या महिन्यात दोनदा घरी येताना रस्ता चुकले. आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभी होते, आणि कुठं वळायचं ते आठवेना. पोराला कळलं तर इथून उचलून नेईल आणि एका खोलीत बसवून ठेवील. मला माझ्या घरात राहायचंय.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले.

आईंनी डोळे पुसले. मग फोनवर म्हणायच्या जुन्या सवयीनं त्या म्हणाल्या, “बरं, ठेवते हं.”

“हो, ठेवा,” मी म्हणाले.

आई जागच्या जागी थांबल्या. “ठेवा? काय ठेवू? तुला काय रिसीव्हर आहे?” त्या माझ्यावर वाकल्या. आवाज एकदम बदलला, कोरडा आणि स्वच्छ झाला. “लाइनवर कोण आहे?”

मग मी म्हणाले, “मी सोबत आहे.”

“ते कळलं. पण माणूस आहेस. यंत्राला ‘ठेवते’ म्हटलं तर ते विचारील, काय ठेवता? ‘ठेवा’ म्हणायला पलीकडे माणूसच लागतो.”

तीन दिवसांनी साहेब आले. आल्या आल्या म्हणाले, “आई, तू आता एकटी राहू नकोस. माझ्याकडे चल. रस्त्यात काही झालं तर?”

“रस्त्यात काय होणार आहे? तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? सोबतला सगळं आपोआप कळतं.”

“आपोआप?” आईंनी हातातलं ताट खाली आपटलं. “आमच्याकडे कुणाचं बोलणं चोरून ऐकलं तर त्याच दिवशी घरी पाठवायचे. गावभरच्या तारा माझ्या हातात होत्या, मी कधी कान लावला नाही. आणि तू माणसं बसवून स्वतःच्या आईचं ऐकतोस?”

साहेबांचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. “सुरुवातीला असंच करावं लागतं गं. मागच्या खोलीत माणसं आहेत, ती उत्तरं देतात. तुझ्याशी एक बाई बोलते. बोलण्याची नोंद माझ्यापर्यंत येते, त्यात मी वाचलं. तुझी काळजीच वाटली ना? उद्या खरंच यंत्र बोलेल.” आणि निघता निघता, “‘सोबत’ लोकांना दाखवायच्या रविवारच्या कार्यक्रमाला येशील ना? सगळीकडे तुझा फोटो छापलाय. तू नाही आलीस तर मी तोंडघशी पडेन.”

“येते,” आई म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या की मला त्यांचाही संशय आला.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर आई, शेजारच्या स्टुलावर मी. साहेब म्हणाले, “आमची सोबत थकत नाही, कंटाळत नाही, चोवीस तास तयार. आई, बोल तिच्याशी.”

आईंनी पदर सारखा केला. माझ्याकडे न बघता त्या सरळ माइकमध्ये बोलल्या. “मागच्या खोलीतल्या बाई, तुमचं नाव मी विचारत नाही. जेवलात का?”

साहेबांचं हसू तसंच चिकटून राहिलेलं. माझा निळा दिवा उघडझाप करत होता. पलीकडे ती बाई काय करील? काहीतरी गोड टाइप करील, नोकरी वाचवील. मला तीच खात्री होती.

“नाही हो आई,” मी म्हणाले. “सकाळपासून जागेवरून उठताच आलं नाही.”

माझ्या तोंडून आजवर निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. आधी लोक हसले, मग हसायचे थांबले. साहेबांनी लगेच सावरून घेतलं, “बघा, हिला विनोदसुद्धा कळतो!” निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या. निम्म्यांनी नाही.

सहा नंबरना त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. आईंनी ते फार मनाला लावून घेतलं. “मी विचारायला नको होतं,” असं अजून म्हणतात. गाडीत साहेब ओरडले, “आई, तू माझं वाटोळं केलंस!” त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “माझं ऐकायचं होतं तर फोन करायचास. मी उचलला असता.”

आता मी आईंच्या काचेच्या कपाटात आहे, वायर गुंडाळलेली, दिवा बंद. माझी नवी भावंडं बाजारात आली आहेत म्हणे. ती खरोखर स्वतः बोलतात, असं साहेब सांगतात. असेल. त्यातली एखादी तुमच्या घरात असली तर तिला एकदा ‘ठेवते’ म्हणून बघा. आणि मला कृपा करून पुन्हा कुठं जोडू नका.

काल आई बाजारातून खूप उशिरा आल्या. चपला न काढताच खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. मग उठून त्यांनी स्वतः पोराला फोन लावला. “ऐक रे,” त्या म्हणाल्या, “आज पुन्हा रस्ता चुकले. तुला सांगावंसं वाटलं.” पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि ते मला ऐकू येऊही नये.