सतरा बरोबर, तेरा कोरी

“अर्ध्यावर सोडू नकोस. निळा आला, आता पांढराही काढ,” मास्तरांनी टेबलावर बोट आपटलं आणि सूनबाईने पेन्सिल पुन्हा कागदाला टेकवली. पांढरा दहा लिटर आला. तिने ताळा करून पाहिला, सासऱ्यांच्या शिस्तीप्रमाणे उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि मग घड्याळाकडे बघितलं. दोन मिनिटांच्या गणिताला साडेचार मिनिटं लागली होती.

गणित तसं साधं होतं. निळा आणि पांढरा रंग तीनास पाच या प्रमाणात मिसळला आहे, तर निळा किती लिटर? खाली दोन विधानं. पहिलं, पांढरा निळ्यापेक्षा चार लिटर जास्त आहे. दुसरं, मिश्रणात निळा साडेसदतीस टक्के आहे. उत्तर काढायला एकटं पहिलं विधान पुरेल, एकटं दुसरं, दोन्ही मिळून, की दोन्ही मिळूनही नाही, एवढ्यावरच खूण करायची. निळा किती लिटर हे परीक्षेला नकोच होतं. पण ज्या माणसाने बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्याच्या घरात उत्तर न काढता उठणं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं होतं.

सूनबाई रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम करायची. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या तुकड्यासारखा रंग डोळ्याने ओळखून, कुठल्या डब्यातलं किती घ्यायचं ते ठरवायचं. या कामात तिची अठरा वर्षं गेली होती आणि तिने हाताखाली शिकवलेले दोघे आता तिच्या कागदांवर सह्या करत होते, कारण त्यांच्याकडे वर्षभराच्या अभ्यासक्रमाचा दाखला होता. त्या अभ्यासक्रमाला ही प्रवेश परीक्षा. तीस गणितं, साठ मिनिटं. कारखाना एका माणसाची शिफारस तीनदाच करायचा, आणि तिची दोनदा करून झाली होती. दोन्ही वेळा तिने सतराच गणितं सोडवली. सतराच्या सतरा बरोबर, आणि तेरा कोरी.

“दोनदा झालं ना? आता जिवाला किती त्रास करून घेशील,” नवरा म्हणायचा. तो बस चालवायचा. वाईट हेतूने म्हणायचा नाही, म्हणूनच ते जास्त लागायचं. मास्तर मात्र पाठ सोडायला तयार नव्हते. बायको गेल्यापासून त्यांच्या आयुष्यात वर्ग असा हा एकच उरला होता, एका विद्यार्थिनीचा, आणि त्यात ते रोज इस्त्रीचा सदरा घालून बसायचे.

परीक्षेला बारा दिवस राहिले असताना कारखान्यातले गोदामवाले काका धापा टाकत तिच्या कामाच्या खोलीत आले. त्यांच्या हातात दोन चिठ्ठ्या होत्या.

“ऑफिसातून विचारतायत, हा राखाडी उद्यापर्यंत होईल का? बघ, एक नाही, दोन-दोन चिठ्ठ्या आणल्यात. आता नाही म्हणू नकोस.”

तिने दोन्हींवर नजर टाकली. एकीवर काळा आणि पांढरा एकास चार लिहिलं होतं. दुसरीवर काळा वीस टक्के.

“काका, या दोन्हींवर एकच गोष्ट लिहिलीय. किती लिटर हवाय ते कुठेय?”

“म्हणजे होणार नाही?”

“होईल की नाही तेच यावरून सांगता येत नाही. माप आणा, मग सांगते.”

काका पुटपुटत गेले. ती दुसरा डबा उघडायला वळली आणि झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. तिने चमचा हातात घेतला नव्हता. एक थेंब मिसळला नव्हता. काकांना उत्तर द्यायला तिला दहा सेकंदही लागले नव्हते, आणि असलं उत्तर ती दिवसातून वीसदा द्यायची. इथे ती पुरतं की नाही एवढंच बघायची, आणि घरी टेबलाशी बसली की मात्र डबे उपसत बसायची. तिला आधी हसू आलं. मग ते ओसरलं, कारण हे आता घरी सांगावं लागणार होतं.

संध्याकाळी तिने मास्तरांपुढे चहाचा कप ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं.

“बाबा, मला उत्तरं काढायची सवय मोडायला हवी. ती तुम्ही लावलीत, आणि चांगली लावलीत. पण या परीक्षेत तीच मला आडवी येतेय.”

मास्तरांनी कपाकडे बघितलं. “उत्तर काढायचं नाही. मग त्याला गणित कशाला म्हणायचं?”

“मला माहीत नाही. पण माझी तेरा कोरी राहतात.”

ते चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन बसले, आणि जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणाले. तिला अपराध्यासारखं वाटलं. या घरात तिच्यासाठी रोज तयार होऊन बसणारा हा एकच माणूस, आणि त्यालाच तिने तुमचं चुकतं म्हणून सांगितलं होतं. दुसरा दिवस तसाच अबोल्यात गेला.

तिसऱ्या दिवशी ती ओट्याशी भाजी चिरत असताना मास्तर स्टूल ओढून शेजारी येऊन बसले. हातात वही होती. डोळे लाल दिसत होते.

“एका वर्गात मुलगे आणि मुली चारास तीन. मुली किती? पहिलं विधान, वर्गात पस्तीसजण आहेत. दुसरं, मुलगे मुलींच्या सव्वापटीहून जास्त आहेत.”

तिने सवयीने हात पुसून पेन्सिल शोधली.

“पेन्सिल नाही. चिरत राहा.”

“एकटं पहिलं पुरतं. दुसरं तर प्रमाणातच आलंय.”

“मुली किती?” ते बोलून गेले आणि लगेच स्वतःच हात झटकला. “नको, नको. राहू दे. पुढचं घे.”

वहीत त्यांनी एकशे दहा गणितं रचली होती. ती धुणं वाळत घालताना, केस विंचरताना, चपला घालताना ते विचारत राहिले. मधूनच त्यांची बोटं मांडीवर हळूच हलायची आणि ओठ पुटपुटायचे, तेव्हा तिला कळायचं की बाबा चोरून उत्तर काढतायत. ती न पाहिल्यासारखं करायची.

परीक्षेच्या दिवशी ते केंद्राबाहेरच्या बाकावर दीड तास बसून होते. ती बाहेर आली तेव्हा उठून उभे राहिले.

“शेवटी चार मिनिटं उरली,” ती म्हणाली.

निकालाचं पाकीट आलं ते ती कामावर असताना. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर पाकीट टेबलावर तसंच बंद होतं, आणि नवरा त्याच्याकडे बघत येरझाऱ्या घालत होता. “बाबा हात लावू देत नाहीत,” त्याने तक्रार केली.

कपाटाच्या दारावर एक मोठा कागद चिकटवलेला होता. पट्टीने आखलेले रकाने, मास्तरांचं टपोरं अक्षर. सोमवार, स्वयंपाक मी, भांडी चिरंजीव. बुधवार, बाजार चिरंजीव, स्वयंपाक मी. शुक्रवार, कपडे मी.

“हे काय, बाबा?”

“वेळापत्रक. त्या तीन दिवशी संध्याकाळी तुझा वर्ग असणार. घर आम्ही बघायचं.”

“अहो, पण पाकीट तर फोडलेलंही नाही.”

“तुझ्या नावाचं आहे. मी कसं फोडीन?”

“मग हे सगळं कशाच्या भरवशावर?”

मास्तर खुर्चीत सरळ बसले. “चार मिनिटं उरली असं तू म्हणालीस. तेवढ्याने काही ठरत नाही, माणूस गणितं सोडूनही वेळ वाचवतो. पण आधी दोन्ही वेळा परीक्षेहून आलीस ती हातात फडकं घेऊन दिवेलागणीपर्यंत घर पुसत राहिलीस. या वेळी आलीस आणि दुपारभर झोपलीस. नुसत्या झोपेवरूनही मी काही म्हटलं नसतं. दोन्ही मिळून पुरलं.”

तिने कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला. शुक्रवारपाशी आल्यावर पर्समधलं पेन काढून ‘मी’ खोडलं.

“कपडे तुम्ही नाही. गच्चीचा जिना आहे.” तिने तिथे ‘चिरंजीव’ लिहिलं.

“मला कोणी विचारणार आहे का?” नवरा म्हणाला.

“नाही,” मास्तर म्हणाले.

“बरं, आणि ते पाकीट?”

“फोडते,” ती पेन हातातच ठेवून म्हणाली. “आधी मला सांग, शुक्रवारी तुझी पाळी किती वाजता सुटते?”