कोकिळाबाईंची समजावणी

"उद्या जावई येऊन राह्यले धोंड्याच्या जेवनाले," शेजारच्या प्रमिलाबाई दारातूनच म्हणाल्या. "तुमी एकदा पोरीले समजावून सांगा. तुमचं आयकते."

कोकिळाबाई पोळ्या लाटत होत्या. "काय सांगू?"

"जाय म्हना परत. अनारसे झाले, जावयाचे कपडे आनले, अन् पोरगी म्हन्ते मी जातच नाई."

समजावणं हे कोकिळाबाईंकडे आपोआप आलेलं काम होतं. आंजी गावच्या अंगणवाडीत त्यांनी तीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर त्या दुपारी चार वाजता देवळात पोथी वाचू लागल्या. वाचून झालं की अर्थ सांगायच्या. कुणाची सून बोलत नसे, कुणाला दिरानं वेगळं काढलेलं असे, कुणाचा नवरा हात उचलायचा. प्रत्येकीला पोथीत आपलं काही ना काही सापडे, आणि कोकिळाबाईंचा अर्थ शेवटी एकाच जागी येऊन थांबे: सहन करा, देव पाहून राह्यला. त्यांना तसं सांगायचा हक्क आहे, असं बायका मानत. नवऱ्यानं, लक्ष्मणरावांनी, त्यांना किती वर्षं मारलं हे सगळ्या आळीला माहीत होतं. आता लक्ष्मणरावांचे गुडघे गेले होते आणि मारणं थांबलं होतं. ते देवाच्या कृपेनं थांबलं की गुडघ्यांमुळे, हा विचार कोकिळाबाईंनी कधी केला नव्हता.

गेल्या दिवाळीत प्रमिलाबाईंची मुलगी आकांक्षा सेलूहून, सासरहून निघून आली होती. तेव्हाही प्रमिलाबाईंनी कोकिळाबाईंनाच बोलावलं. त्यांनी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, पोथीतल्या दोन गोष्टी सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तिला बसमध्ये बसवून दिलं. पंधरा दिवसांपूर्वी आकांक्षा पुन्हा आली, ती डाव्या हाताला प्लास्टर घेऊन. मोरीत पाय घसरला, असं सासरच्यांनी फोनवर सांगितलं.

पोळ्या झाकून कोकिळाबाई शेजारी गेल्या. आकांक्षा कूलरसमोर बसली होती. त्यांना पाहून तिनं पाय जवळ घेतले.

"मावशी, तुमी म्हटलं होतं, देव पाह्यते."

"हो बाई."

"मंग रजतनं माहा हात मुरगाळला तवाही त्यानं पाह्यलं असन." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. "नुसता पाहूनच राह्यला काय तो?"

कोकिळाबाईंनी पाणी मागितलं, पोरीनं उजव्या हातानं पेला आणून दिला, आणि तो तसाच ठेवून त्या उठल्या.

दुपारी देवळात वीसेक बायका जमल्या होत्या. पंखा गरम हवाच फिरवत होता. त्या दिवशी नेमका राजाच्या पोराचा अध्याय होता. सावत्र आई त्याला बापाच्या मांडीवरून ओढून उतरवते, बाप काही बोलत नाही, पोरगं रडत आईकडे येतं. घामानं चष्मा घसरत होता म्हणून कोकिळाबाई सावकाश वाचत होत्या. वाचता वाचता त्या थांबल्या. बायकांना वाटलं, त्यांना घेरी आली.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "एक गोष्ट मी तुमाले कधी सांगतलीच नाई. मायनं त्या पोराले सहन कर म्हटलं नाई. देवाकडे जा म्हटलं. अन् तो घर सोडून निंगाला. देव त्याले वनात भेटला. त्या घरात नाई भेटला."

कोकिळाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"इतके साल मी हे पान भरभर वाचत गेली."

"काऊन?" पुढे बसलेल्या देवकाबाईंनी विचारलं.

"मले निंगता आलं नाई म्हून."

प्रमिलाबाई मागून उठल्या आणि आरतीला न थांबता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोकिळाबाई न बोलावता त्यांच्या घरी गेल्या. जावई रजत जेवून तोंड पुसत होता. दिसायला चांगला, बोलायला मऊ. वाकून त्यानं त्यांच्या पायाला हात लावला.

"मावशी, तुमीच सांगा आता तिले. रागाच्या भरात होऊन जाते कधी कधी."

"दिवाळीले मीच पाठवली होती हिले तुमच्याकडं," कोकिळाबाई म्हणाल्या. त्यांनी दाराची चौकट धरली. "चुकलं माहं. आता मी नाई पाठवत."

"तुमी कोन पाठवनाऱ्या?" प्रमिलाबाई कडाडल्या. "माही धाकटी लग्नाची आहे! तिले कोन करन?"

"मी कोनीच नाई, बाई. दिवाळीलेही नव्हतीच. तवा तं तुमी मले बोलावून नेलं."

आतून आकांक्षा आली. ती नवऱ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "मी येत नाई." रजत चप्पल घालून काही न घेता गेला. अनारशांनी भरलेलं ताट पाटावर तसंच राहिलं. प्रमिलाबाई भिंतीला टेकून रडू लागल्या. "तुमी माह्या पोरीचं घर मोडलं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांना समजावायचं बळ कोकिळाबाईंकडे आता उरलं नव्हतं.

संध्याकाळी देवळाचे कारभारी अण्णाजी आले. बसले नाहीत. उद्यापासून पोथी दुसरं कोणी वाचेल, म्हणाले. बायकांच्या डोक्यात भलतंसलतं भरायला देऊळ नाही. लक्ष्मणराव बाजेवरून हसले, "लय शानी झालती!" कोकिळाबाईंनी पोथी कापडात गुंडाळून अण्णाजींच्या हातात दिली. ती देवळाचीच होती.

सोमवारी त्या आणि आकांक्षा एसटीनं वर्ध्याला गेल्या. पोलीस ठाण्यात महिला पोलीस होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दवाखान्याचे कागद पाहिले, लिहायला घेतलं. मध्येच मान वर करून तिनं विचारलं, "आजी, तुमी कोन लागता हिच्या?"

"शेजारीन."

"तुमची काई तक्रार आहे काय?"

कोकिळाबाईंनी पदराच्या टोकानं गळ्याचा घाम पुसला.

"माही आता लय जुनी झाली, बाई," त्या म्हणाल्या. "हिची लिहा."

मग बाहेरच्या बाकावर जाऊन त्या बसल्या. तासाभरानं आकांक्षा तक्रारीची प्रत घेऊन बाहेर आली तेव्हा भिंतीला डोकं टेकून त्यांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे. ती शेजारी बसली. तीनची बस निघून गेली असेल. चारचीही जाईल. तिनं त्यांना उठवलं नाही.