आभाळाच्या बाजूने

“बाबा, परत आडवा पडला!” सून ओरडली आणि पेंटरच्या हातातला चहा बशीत सांडला.

साडेअकरा वाजून गेले होते. अर्ज दुपारी बाराला बंद होणार होता. नव्या दवाखान्याला दोनशे दारांवर आणि सगळ्या भिंतींवर हाताने रंगवलेली अक्षरं हवी होती. छापील फलक नकोत, असं जाहिरातीतच म्हटलं होतं. ती ओळ पेंटरने सुनेकडून चार वेळा वाचून घेतली होती. दुकानोदुकानी फ्लेक्स लागल्यापासून, तीन वर्षं, त्याचे ब्रश धुऊनपुसून फडक्यात गुंडाळलेले होते. आज सकाळी त्याने ते उगाचच सोडून पाहिले होते.

अर्जाला पाच कामांचे फोटो जोडायचे होते. खाली तांबड्या अक्षरांत ताकीद होती : आडवे फोटो बाद.

“फोनमध्ये तर सरळ दिसतोय की.”

“फोनमध्ये सरळ, साइटवर चढवला की लोळतो. तीनदा फिरवून चढवला.”

“आडवा करून चढव. आडव्याचा आडवा म्हणजे उभा.”

“तेही झालं करून!”

सुनेने कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“पेंटर, तुमचा फोन फोटो आडवाच साठवतो,” तो म्हणाला. “वर चिठ्ठी चिकटवतो, ‘हा उभा दाखवा’. तुमचा फोन चिठ्ठी वाचतो, साइट वाचत नाही.”

“अडाणी आहे म्हण की.”

“आणि तुम्ही फिरवता तेव्हा नुसती चिठ्ठी बदलते, फोटो जागचा हलत नाही. कडेने नखभर कापा आणि नवीन सेव्ह करा. कापला की फोन सगळा फोटो नव्याने लिहून काढतो. मग चिठ्ठीची गरजच नाही.”

पेंटरला हे चटकन पटलं. खडूने भिंतीवर कितीही आखणी करा, रंग पडेपर्यंत पाटी होत नाही.

सुनेने बेकरीच्या पाटीची कड नखभर कापली, सेव्ह केली, चढवली. दोघं पडद्यावर वाकली.

“उभी राहिली!” पेंटरने मांडीवर थाप मारली. “घे, पुढची घे!”

शाळेचं फाटक उभं राहिलं. औषधाचं दुकान उभं राहिलं. चौथ्याला तर दोघंही एकदमच ओरडली. पंधरा मिनिटं उरली होती.

पाचवा फोटो हुकमाचा एक्का. गोदामाची तीन मजली भिंत आणि तिच्यावर माणसाहून उंच अक्षरं. शिडीच्या टोकाला पेंटर, खाली शिडी धरून त्याची बायको. फोटो सुनेनेच काढला होता. ते त्या दोघांचं, ती जाण्याआधीचं, शेवटचं काम. अक्षराला नाक लावून रंगवणाऱ्याला ते सरळ आहे की कललंय, कळत नाही. ते ती खालून सांगायची. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात : “अहो, ‘द’ झोपलाय तुमचा! उठवा त्याला!”

सुनेने खालच्या कडेवर बोट ठेवून वर ओढलं. शिडीचे पाय गेले. त्यांच्यासोबत चपला गेल्या.

“थांब!”

“काय झालं? नखभरच तर कापतेय.”

“खालून नको. खाली ती आहे.”

सुनेने बोट उचललं. कड परत जागेवर गेली.

“वरून काप,” पेंटर म्हणाला. “आभाळ पुष्कळ आहे.”

तिने आभाळ कापलं. फोटो चढला आणि ताठ उभा राहिला. त्याखाली एक चौकट उघडली : या कामात सोबत कोण होते?

“रिकामी सोडू? सातच मिनिटं आहेत.”

“नको. लिही. सरळ-वाकडं खालून बघायला, बायको.”

तिने तसंच्या तसं लिहिलं आणि बटण दाबलं. एक चक्र फिरलं, फिरतच राहिलं, मग हिरवी खूण आली. खाली अक्षरं : अर्ज मिळाला.

“गेला, बाबा! गेला!” ती उठून नाचायलाच लागली आणि नवऱ्याला सांगायला आपला फोन शोधत आत पळाली.

पेंटरने पाचवा फोटो पुन्हा उघडला. फोन फळीवर, कपाला टेकवून उभा केला. चार पावलं मागे सरला आणि ती बघायची तशी, कमरेवर हात ठेवून, मान वर करून पाहत राहिला.

एकही अक्षर झोपलेलं नव्हतं.