बंद खोलीतली रेसगाडी

मी एक रेसगाडी बोलतेय. हसू नका. माझी लांबी वीतभरही नाही आणि पेट्रोलचा थेंब मी कधी पाहिलेला नाही. फार जुन्या काळी परदेशातल्या शर्यतींत उघड्या चाकांच्या, चिरूटासारख्या लांबट गाड्या पळायच्या; त्यांतल्या एकीची मी छोटी प्रतिकृती. माझ्या पोटाखाली एक जिभली आहे. ती शर्यतीच्या लाकडी पाटावरच्या खाचेत बसली की खाचेच्या कडांच्या तांब्याच्या पट्ट्यांतून मला वीज मिळते आणि मी पळते.

माझा जन्म लाखांदूरचा. मला घडवलं रश्मीनं. ती तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. नवरा धम्मदीप नोकरीला गोंदियाला, म्हणजे दुसऱ्याच जिल्ह्यात. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेची एसटी धरायचा. बाकी आठवडा घरात दोघीच, रश्मी आणि तिची सासू बायजाबाई.

दुपारी कामावरून आली की रश्मी मागच्या खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. शिवणीच्या झाडाचं लाकूड तासून तिनं माझं अंग काढलं, घासून घासून लाल रंग दिला. पितळी पट्ट्या तापल्या कथलाचा डाक देऊन जोडल्या आणि माझा सांगाडा केला. मोटार, दातेरी चाकं, टायर हे सगळं नागपूरहून अंकुश पाठवायचा. तो तिच्या कॉलेजातला. अशा गाड्या पळवायचा पाट त्याच्या घरी होता.

बायजाबाई चौथी शिकलेली. पार्सलावरचं ‘अंकुश’ तिनं बोट ठेवून वाचलं, आणि तिथून तिचं जेवणावरचं मन उडालं. दाराच्या फटीतून जळका वास यायचा. सुनेला विचारलं तर ती ‘काही नाही’ म्हणायची. एकदा फोनवरचं अर्धं बोलणं कानी पडलं, “घरी कोणाले माहीत नाही. एकदा सरळ चालली का मंग सांगीन.”

काय सरळ चालायचं होतं, ते बायजाबाईला कसं कळावं?

एका सोमवारी रश्मी कामावर गेल्यावर बायजाबाई खोलीत शिरली. मला उलटंपालटं केलं, नाकाशी धरलं. घरात लेकरू नाही, मग हे खेळणं कोणासाठी? तिनं मला पदराखाली घेतलं आणि धान साठवायच्या ढोलीत खोल खुपसलं. चोर असेल तो आपोआप बोंबलेल, असा तिचा हिशेब.

पण रश्मीनं तोंडच उघडलं नाही. तिनं खाटेखाली पाहिलं, पेट्या उपसल्या, आणि विचारलं कोणालाच नाही. तिला वाटलं, रविवारी घरी होता तो धम्मदीप, त्यानंच मला उचललं. त्याचा फोन आला की ती हो-नाही करून ठेवून द्यायची. हे गप्प राहणंच बायजाबाईला पुरावा वाटलं. तिनं लेकाला बोलावून घेतलं.

धम्मदीप आठवड्याच्या मधेच आला. बायजाबाईनं कोणी पाहत नसताना मला धानातून उपसलं, पुसलं आणि कुठून आणलं ते न सांगता दोघांसमोर खाटेवर ठेवलं.

“हे कोणं दिलं तुले?” त्यानं विचारलं.

“कोणं नाही दिलं. मीच बनवली.”

“मंग लपवली काहून?”

रश्मीनं मला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “सकाळ लोकायचं रक्त पाहण्यात जाते, संध्याकाळ घरच्या कामात. मले एक गोष्ट अशी पाहिजे होती का जे कोणाच्याच कामाची नाही. तुमाले सांगतलं असतं तर तुमी ‘कायले’ म्हणून विचारलं असतं. त्याचं उत्तर नाही माह्यापाशी.”

धम्मदीपला ते पटलं नाही. पार्सलं पाठवणाऱ्या त्या अंकुशलाच पाहू, म्हणून रविवारी तिघंही नागपूरच्या एसटीत चढली, मी रश्मीच्या पर्समध्ये.

अंकुशच्या घरी बायजाबाईनं चहाला हात लावला नाही. तिची नजर त्याच्यावरून हटेना. धम्मदीप भिंती न्याहाळत होता. अंकुशनं मला खाचेत बसवलं, रश्मीच्या हाती वेग कमीजास्त करायची कळ दिली. मी हातभर गेले आणि आचके देत थांबले. त्यानं मला उघडलं, तर दातेरी चाकात तूस अडकलेलं. हे कुठून आलं, म्हणून त्यानं विचारलं.

“माह्या ढोलीतलं हाय,” बायजाबाई म्हणाली. “मीच टाकली होती तिले धानात.”

रश्मीनं आधी सासूकडे पाहिलं, मग ज्याच्यावर उगाच संशय घेतला त्या नवऱ्याकडे, आणि मान खाली घातली.

ब्रशनं मला साफ केल्यावर मात्र मी पळाले. वळणावर माझी शेपटी घसरली, तसा धम्मदीपही नकळत तिकडे कलला, आणि थोड्या वेळानं त्यानं कळ मागून घेतली. बायजाबाई आता अंकुशकडे पाहत नव्हती, सुनेकडे पाहत होती. मनातला एक संशय गेला आणि दुसरा येऊन बसला: ही पोरगी आपल्या घरात अशी कधी हसली होती काय?

आता मी पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात असते. पाहुण्यांना धम्मदीप मला कौतुकानं दाखवतो. मागच्या खोलीत रश्मी दुसरी गाडी करतेय, दार सताड उघडं ठेवून. बायजाबाई उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसते.

पण कडी लागलेली असायची तेव्हा रश्मी काम करताना माझ्याशी बोलायची. दिवसभराचं सगळं सांगायची, कधी डाक देताना चुकलेल्या सांध्यावरून मलाच रागवायची. आता त्या खोलीतून आवाज येत नाही. ती मान खाली घालून घासत राहते आणि मधूनच दाराकडे पाहते.

मी लाकडाची, मागून मागणार काय? एखाद्या दुपारी बायजाबाईनं आपलं सूप उचलावं, उंबऱ्याबाहेर यावं, आणि ते दार आपल्याच हातानं लोटून घ्यावं.