पिशवीतली फुंकर

काचेच्या कारखान्यात सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. तापलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकाला घेऊन तो एका दमात बरणी फुगवायचा. शिकाऊंची बाटली उजेडाला धरून बुडबुडे शोधायचा आणि नाही सापडले तरी नाक मुरडायचा. घरी बायकोच्या कामातही त्याला बुडबुडेच दिसायचे. चाळीस वर्षांत तिच्या एकाही गोष्टीला त्याने बरं म्हटलं नव्हतं. तिनेही ती आशा कधीच सोडली होती.

भट्टीची धग, धूळ, वर दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं. फुफ्फुसांनी हात टेकले, आणि त्यांच्यापायी राबून राबून हृदयही थकलं. पावलं सुजली. आता दोन घासांत पोट भरायचं आणि रात्रंदिवस जळजळायचं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. "ही उजवी बाजू फुफ्फुसात रक्त ढकलते, तीच सुजलीय. अशा पेशंटच्या पोटात बऱ्याचदा एक जंतू सापडतो. एकामुळे दुसरं होतं का, ते अजून नक्की ठाऊक नाही. पण जंतू असेल तर पोटात अल्सर होऊ शकतो, आणि तो फुटला तर हे हृदय ते सोसणार नाही. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जंतू जातो. आधी श्वासाची तपासणी करू."

तपासणीच्या खोलीतल्या मुलीने त्याला आंबटसर औषध पाजलं, अर्धा तास बसवलं आणि हातात नळी लावलेली पिशवी दिली. "काका, ही पूर्ण फुगवा. मी आलेच."

उस्तादाने नळी तोंडात धरली, अगदी कारखान्यात धरायचा तशी. फुंकली. पिशवी जरा हलली आणि पडली. पुन्हा फुंकली. ओठ निळे पडले, डोळ्यांत पाणी आलं. दाराबाहेर बाकावर माणसं बसली होती आणि दार सताड उघडं होतं.

"अहो, राहू द्या," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "तिला सांगते, नाही जमत म्हणून."

"खबरदार!" तो कसाबसा म्हणाला. "पिशवी फुगत नाही म्हणून सांगणार? माझी?"

पिशवी त्याने तिच्या मांडीवर टाकली आणि तोंड फिरवलं. ती काय समजायचं ते समजली. सही, अर्ज, चौकशा, सगळं त्याच्या नावाने तीच निस्तरत आली होती. त्यात एक फुंकर. तिने एका दमात पिशवी गच्च भरली.

"वा काका!" मुलगी परत येऊन म्हणाली. उस्तादाने मान ताठ केली.

पोटात जंतू नाही, असा रिपोर्ट आला. गोळ्या मिळाल्या नाहीत. तिला उलट बरंच वाटलं, एक दुखणं कमी झालं म्हणून.

तीन महिन्यांनी त्याने मोरीत काळं रक्त ओकलं.

दवाखान्यात पोटात दुर्बीण घातली. अल्सर खोल गेला होता, आणि जंतू तिथेच ठाण मांडून होता. डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. मागे ती तपासणीवाली मुलगी होती, रडवेली.

"ऑपरेशन यांना झेपणार नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हाच गोळ्या दिल्या असत्या तर बहुतेक ही वेळ आली नसती. रिपोर्ट चुकला कसा? काका, पिशवी तुम्हीच फुगवली होती ना?"

उस्तादाने ऑक्सिजनच्या मास्कमागून मान हलवली. हो. मुलीचा चेहरा पडला, आता सगळं तिच्यावरच येणार होतं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे तिला बजावत होते, गप्प बस.

"मी फुंकली," ती म्हणाली. "त्यांना दम पुरत नव्हता."

बाई तिच्याकडे वळल्या. "काकू, औषध त्यांनी प्यायलं होतं. तुमच्या श्वासात जंतू दिसणारच कसा?" आणि फाईल मिटून त्या मुलीला घेऊन गेल्या.

ती खाटेच्या कडेला बसून राहिली. चारचौघांत अब्रू घालवलीस, असं तो म्हणेल, म्हणू दे, असं तिला वाटत होतं. शिव्या दिल्या असत्या तर तिला हलकं वाटलं असतं.

त्याने मास्क खाली ओढला. शब्द सुटे सुटे आले.

"पिशवी... एका दमात भरलीस."

"अहो, बोलू नका."

"एकसारखी. कुठे... ढिली नाही." त्याने दम खाल्ला. "छान फुंकलीस."

तिने मास्क पुन्हा त्याच्या तोंडावर बसवला आणि मग हमसून हमसून रडली.